बाटली कोणी भरली?

आठ डिसेंबर. सकाळी कॉलेजात आल्याआल्या समीक्षकांची यादी करायला बसले. आमच्या पालघरच्या कॉलेजातून एक छोटं विज्ञान-नियतकालिक निघतं, वर्षातून दोनदा. त्यात छापायला आलेले लेख आम्ही आधी जाणकारांकडे तपासायला पाठवतो. लेखकाला तपासणारा कळत नाही आणि तपासणाऱ्याला लेखक कळत नाही. दोन्ही नावं फक्त मला माहीत असतात. वर्षअखेरीला ज्यांनी उत्तम तपासलं त्यांचा सत्कार करायचा, अशी आमची रीत आहे. ती मीच सुरू केली. वही उघडायची, कोणी किती लेख तपासले ते पाहायचं, नावं उतरवायची. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी एका नावापाशी ते अडलं.

"बाटली कोनी भरली?"

लेखाचं पाकीट हातात दिलं की ते पहिल्यांदा हे विचारायचे. आत पाण्याचा लेख आहे की भाताच्या रोगाचा, हे कळायच्या आधीच. मग चष्मा कपाळावरून नाकावर ओढून पाकिटाचा चिकटवलेला भाग बोटाने चाचपून बघायचे आणि न फोडता पिशवीत टाकायचे. "घरी बगतो. तुमी मला काय सांगू नका." मी काही सांगणार नव्हतेच, पण त्यांनी बजावल्याशिवाय पाकीट पिशवीत जात नसे.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मूळचे एडवणचे, घरी मासेमारी. घरात बीएस्सी झालेले ते पहिले. सगळं आयुष्य तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलं आणि निवृत्त होऊन बोईसरलाच दोन खोल्यांत राहिले. नावामागे डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. मी त्यांच्याकडे पहिला लेख पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमचे मुख्य संपादक म्हणाले, "पीएच.डी. नाही हो त्यांची." मी म्हटलं, "सर, त्यांनी हजारो नमुने तपासलेत. आपण दोघांनी मिळून किती तपासले?" सर तयार झाले. या लेखात माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

बाटलीचं मूळ त्यांनी एकदा सांगितलं होतं. नवीन नोकरीत असताना त्यांच्याकडे पाण्याचे पाच नमुने आले. पाच जागांचे, पाच बाटल्या. आकडे अगदी एकसारखे. साहेब खूश. काका मात्र ज्याने बाटल्या आणल्या होत्या त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "पलीकडं कुत्री बसलेली. पाची बाटल्या पयल्याच नळाला भरल्या."

"मॅडम, माझं यंत्र बरोबर, रसायनं बरोबर, गणित बरोबर," काका मला म्हणाले. "आनि उत्तर साफ खोटं. का, तर कुत्री."

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. पंगतीत सगळे वरणाचं कौतुक करत असतात आणि हा विचारतो, पाणी कुठल्या विहिरीचं? लोकांना तो तिरसट वाटतो. मलाही काका सुरुवातीला तसेच वाटले होते. शिवाय फार हळू. इतर समीक्षक आठवड्यात "लेख चांगला आहे, स्वीकारावा" असं लिहून मोकळे व्हायचे. काकांना महिना लागायचा. प्रत्येक बेरीज ते पुन्हा करायचे, पेन्सिलीने, समासात. मग स्वतः बोईसरहून पालघरला यायचे आणि पाकीट शिपायाकडे न देता माझ्याच हातात द्यायचे. मी वर्गावर असले तर दाराबाहेर बाकड्यावर बसून राहायचे.

त्यांचं अक्षर कोणी ओळखू नये म्हणून त्यांचा अभिप्राय मी टाइप करून लेखकाला पाठवायची. लेख इंग्रजी असला तरी अभिप्राय मराठीतच असायचा. बोलण्यात नाय आणि हाय, पण लिहिताना शाळामास्तरासारखं शुद्ध. आणि पहिल्या नाहीतर शेवटच्या ओळीत तो प्रश्न ठरलेला. मी तो कधी काढला नाही. मला तो आवडायचा.

कोणाला नापास करण्यात त्यांना आनंद होता असं मात्र नाही. जव्हारकडच्या एका विद्यार्थिनीने डोंगरउतारावरच्या नाचणीवर लेख पाठवला होता. इतका अडखळत लिहिलेला, की मी तो परतच करणार होते. काकांनी त्याला चार पानं सूचना जोडल्या आणि मला म्हणाले, "हा छापा."

"काका, यात चुका किती आहेत!"

"हायेत ना. पन स्वताच्या हायेत. पोरगी शेतात उभी राहिलेली हाय. दुसऱ्याच्या चुका उतरवलेल्या असल्या की मला वास येतो."

लेख सुधारून आला, छापला. ती मुलगी पुढे शिकायला गेली. चार पानं कोणी लिहिली ते तिला माहीत नाही.

आता चहाचं सांगायला हवं, कारण माझी चूक तिथूनच झाली. काका आले की मी चहा मागवायची. ते म्हणायचे, "नको, नको." मी म्हणायची, "घ्या हो." ते, "नाय, खरंच नको, आताच घेतला." मग मी कप पुढे सरकवायची आणि ते दोन कप प्यायचे. दर वेळी. आपल्याकडे नको हा शब्द तीनदा म्हटल्याशिवाय पुरा होत नाही, आणि तीनदा म्हटला की त्याचा अर्थ द्या असा होतो. जेवायला वाढताना आपण हेच करतो, आहेराचं पाकीट देताना हेच, शाल घालतानाही हेच. पाहुणा नको म्हणाला म्हणून खरंच वाढायचं थांबलं, तर वाढणारी बाई कंजूष ठरते. मी आग्रहात कधी कमी पडले नाही.

तर सत्कार. आमच्या सरांना समीक्षकांसाठी काहीतरी करावं असं वाटत होतं आणि मला काकांसाठी. मी म्हटलं, उत्कृष्ट समीक्षक म्हणून दर वर्षी एकाला बोलवू, पहिला मान काकांना. त्यांना सांगितलं, तर ते खुर्चीतून अर्धवट उठलेच.

"नको, मॅडम. नाव नको."

"काका, आता नाही म्हणायचं नाही."

"तपासनाऱ्याला नाव नसतं. तुमीच सांगितलंत ना पयल्या दिवशी?"

"कुठला लेख तपासला ते कुठे सांगतोय आम्ही? नुसता सत्कार."

"जिल्हा केवढा, लोक केवढे! कोनाचं काय कोनाला लागंल, सांगता येत नाय. नको. खरंच नको."

मी हसले. "तुमचं नेहमीचंच आहे. तीनदा म्हणून झालं, आता चहा घ्या."

ते हसले नाहीत. म्हणाले, "चाचं वेगळं, नावाचं वेगळं."

हे वाक्य मला त्यांच्या आवाजासकट आठवतं. तेव्हा मी ते विनोद म्हणून घेतलं आणि दुपारी निमंत्रणपत्रिकेचा मजकूर छापायला दिला. पत्रिका हातात पडल्यावर ते आले नसते, तर बरं झालं असतं. पण छापलेल्या नावाचा अपमान करणारा माणूस तो नव्हता.

आता जे सांगते आहे त्यात माझी दुसरी चूक आहे, आणि ती पहिलीपेक्षा वाईट. सत्काराच्या काही महिने आधी किनाऱ्यावरच्या पाण्याचा एक लेख आला होता. दिसायला देखणा: तक्ते, आलेख, संदर्भांची मोठी यादी. लेखक आमच्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका कॉलेजातले विभागप्रमुख. काकांची मुलगी नयना त्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांची नोकरी, आणि दर जूनमध्ये पुन्हा घेतलं तर घेतलं. काकांना लेख कोणाचा ते माहीत नव्हतं. मला दोन्ही माहीत होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण समुद्राच्या पाण्याचं इतकं कळणारा दुसरा कोणी जवळ नव्हता, म्हणून नाव काढून पाकीट काकांनाच दिलं.

लेखात लिहिलं होतं की नमुने ओहोटीला, दुपारी बारा वाजता, एकाच दिवशी घेतले. तारीख दिली होती. काकांनी गणितात वगैरे वेळ घालवलाच नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघितली. त्यांचा अभिप्राय तीन ओळींचा होता: "त्या तारखेला पौर्णिमा होती. पौर्णिमेला दुपारी बाराला या किनाऱ्यावर भरती असते. बाटली कोणी भरली?"

माझ्या हातात देताना म्हणाले, "माझी आई अंगठा लावायची, मॅडम. पन पुनवेला बाराला पानी कुठं असतं, ते तिला पन माहीत होतं. हा मानूस गळाभर पान्यात उभा राहून ओहोटी मोजत होता काय?"

मी हसत हसत ते टाइप केलं आणि जसंच्या तसं पाठवलं. लेख नाकारला गेला. विभागप्रमुखांचं रागाचं पत्र आलं: समीक्षकाची भाषा शास्त्रीय नाही, समीक्षक कोण ते कळावं. मी उत्तर दिलं, आमच्या नियमांत ते बसत नाही. नियमांवर माझा मोठा विश्वास होता.

सत्काराला जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांना निमंत्रणं गेली होती. विभागप्रमुख दुसऱ्या रांगेत बसले होते. नयना मागे उभी राहून मोबाईलवर वडिलांचे फोटो काढत होती. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून व्यासपीठावर खुर्चीच्या कडेला टेकले होते. ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी बरी बोलते, लोकांना हसवते, हे मला ठाऊक आहे.

मी म्हटलं, "आमच्या लेखकांना परीक्षेची भीती वाटत नाही, पण काकांच्या एका प्रश्नाची वाटते. तो प्रश्न तुमच्यापैकी काहींना पोस्टाने आला असेल." आणि थांबून, त्यांच्याच ढंगात म्हटलं, "बाटली कोनी भरली?"

सभागृह हसलं. ज्यांना तो प्रश्न आला होता तेही दोघेतिघे हसले. विभागप्रमुख हसले नाहीत. त्यांनी हातातल्या पत्रिकेची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. बेरीज चुकलेल्या तक्त्याकडे बघायचे तसे.

नियम मी मोडला नव्हता. कुठला लेख, कोणाचा लेख, काही बोलले नव्हते. फक्त एक विनोद केला होता.

चहाच्या वेळी विभागप्रमुख पुढे आले आणि काकांचा हात हातात घेतला. "तुम्हीच का ते! आता कळलं." तेवढ्यात नयना आनंदाने धावत आली. "बाबा, हे आमचे सर! सर, हे माझे बाबा." विभागप्रमुख म्हणाले, "अरे वा. म्हणजे आमच्याच घरातले की." काकांनी हळूच हात सोडवून घेतला. त्या दिवशी त्यांनी चहाला एकदाच नको म्हटलं, आणि मी आग्रह केला नाही.

जूनमध्ये नयनाला पुन्हा घेतलं नाही. कारण सांगितलं, शिकवण्याबद्दल विद्यार्थ्यांच्या तक्रारी आहेत. मला जुलैत कळलं. त्याच दुपारी मी बोईसरला त्यांच्या घरी गेले. काका एकटेच होते. मी उभ्याउभ्या म्हटलं, "काका, हे माझ्यामुळे झालं."

"पुरावा काय?"

"पुरावा कशाला हवा? दिसतंय ना सगळं."

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, मॅडम. बसा तुमी."

बसले. थोड्या वेळाने विचारलं, "नयनाला काय सांगितलंत?"

"काय सांगनार? तो लेख गुप्त हाय."

"अहो, पण तिला वाटेल आपल्याला शिकवता येत नाही!"

"वाटंल," ते म्हणाले. "काय करनार? उद्या तिला सांगितलं, परवा ती कोनाला बोलंल. मग तुमच्याकडं लेख कोन पाठवंल? दुसरी नोकरी भेटंल तिला. हुशार हाय."

मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं."

इतर वेळी मी कोणाचंही इतक्या चटकन ऐकत नाही. स्वतःला दोष देत बसायची मला हौस नाही, पण हे लिहायला हवं: त्यांनी तत्त्वासाठी तोंड बंद ठेवलं, मी सोयीसाठी. नयनाच्या हाताखालून गेलेल्या दोन मुली पुढच्या वर्षी आमच्याकडे एमएस्सीला आल्या. मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. एक म्हणाली, "त्या मॅडम गेल्यावर आमचं प्रॅक्टिकलच संपलं." दुसरी म्हणाली, "त्या एकाच गोष्टीसाठी दहादा थांबायच्या, पण कळल्याशिवाय सोडायच्या नाहीत." हे मी ऐकून घेतलं आणि कोणालाही सांगितलं नाही.

काका लेख तपासत राहिले. तशीच पाकिटं, तशीच पेन्सिल, तसाच महिना. फक्त अभिप्राय बदलले. आता ते लिहायचे, "नमुना संकलनाची पद्धत स्पष्ट करावी." प्रत्येक लेखाला हेच, कोणीही लिहिलं असतं असं. पहिल्यांदा ते टाइप करताना मी की-बोर्डवरून हात काढून घेतले. स्वतःचा प्रश्न त्यांनी स्वतःच पुसून टाकला होता. पाकीट घेतानाही ते तो विचारेनासे झाले. त्याबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही.

यंदा गणपतीच्या आधी ते गेले. मला कळलं ते पाकीट परत आल्यावर. आत नयनाची चिठ्ठी: "बाबा गेले. तुमचा लेख परत पाठवत आहे. मी उघडलेला नाही."

तर आठ डिसेंबरला वहीत ते नाव समोर आलं. सर म्हणाले, "या वर्षी त्यांनाच मरणोत्तर देऊ. मुलीला व्यासपीठावर बोलवा. तिला चार शब्द बोलायला सांगा, बापाविषयी." मला नाही म्हणायचं सुचलं नाही. मी नयनाला फोन लावला. ती आता बोईसरच्या एका कारखान्यात, वडिलांच्याच कामावर आहे. नमुने तपासते.

"येईन की, मॅडम," ती म्हणाली. "बाबांना बरं वाटलं असतं. पण मला बोलायला नका लावू."

"चारच वाक्यं, गं."

"नाही मॅडम, मला नाही जमत लोकांसमोर. मी शिकवायचे तेव्हा वाटायचं जमतंय. पण पोरांना काहीच कळत नव्हतं म्हणे. नंतर मी एका शाळेचं पण विचारलेलं, त्यांनी बोलावलेलं, मीच गेले नाही. कशाला उगीच पोरांचं नुकसान?"

ती हे अगदी साधेपणाने बोलली. आपला रक्तगट सांगावा तसं. मी म्हटलं, "बरं, बघू." फोन ठेवला. यादी तशीच अर्धवट ठेवून दोन तास घेतले, घरी आले, भाजी चिरली. काकांनी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, हे खरं. पण त्यांनी झाकली होती ती लेखाची गोष्ट. माझ्या भाषणाची गोष्ट गुप्त ठेवायचा नियम कुठल्याच नियतकालिकात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने बोईसरला उतरले आणि रिक्षाने बेटेगावला गेले. नयना तिथे कंपनीच्या बसची वाट बघत नाक्यावर उभी असते, हे तिने कधीतरी सांगितलं होतं. होती. डबा, पिशवी, केस घट्ट बांधलेले.

"मॅडम? तुम्ही इकडं? फोन करायचा ना!"

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं."

मी उभ्यानेच सांगितलं; लेखाशिवाय भाषणाचा अर्थ लागला नसता, म्हणून लेखाचंही. लेख, पौर्णिमा, अभिप्राय, माझं भाषण, हात मिळवणं, जून. त्या दोन मुली काय म्हणाल्या तेही, त्यांच्याच शब्दांत. पुरावा नाही, हेही सांगितलं. तक्रारीचा एक कागद कोणी कोणाला दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही, हेही.

शेवटी नयनाने विचारलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"त्याच वर्षीच्या जुलैपासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघितलं नाही, पण बघावंसं वाटलं. बस आली. ड्रायव्हर ओरडला, "आओ मॅडम, चलो, लेट हो रहा है!" तिने हाताने त्याला जायला सांगितलं. बस जरा थांबली आणि गेली. नाक्यावर आम्ही दोघीच उरलो.

"परत सांगा," नयना म्हणाली. "पहिल्यापासून. काही गाळू नका."

मी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.